छाती, नळी आणि लाज

‘पूर्वीचे वैद्य-डॉक्टर नुसतं तोंड बघून रोग सांगायचे, आत्ताचे आधी हजाराच्या टेस्टा लिहून देतात.’ हे वाक्य मी हळदीकुंकवापासून व्याख्यानमालेपर्यंत इतक्या ठिकाणी ऐकलंय, की आता कुणी ते उच्चारलं की मी सरळ विचारते, ‘क्षय कसा ओळखायचे हो ते?’ उत्तर येत नाही. म्हणून मीच देते. तोंड बघूनच ओळखायचे. आणि तोंडावर दिसेपर्यंत आतलं फुप्फुस पोखरून गेलेलं असायचं.

ग्रीक वैद्य हिपोक्रेटसच्या नावावर जी सूत्रं आहेत त्यांत क्षयाची एक परीक्षा आहे. रोग्याचा बेडका निखाऱ्यावर टाकायचा. उग्र वास सुटला आणि डोक्याचे केसही गळायला लागलेले असले, तर रोगी जाणार. आता ही काय रोग ओळखायची परीक्षा झाली? ही मरण ओळखायची परीक्षा. ते तर शेजारच्या म्हातारीलाही ओळखता येत असेल. दुसरी एक रीत म्हणजे रोग्याचे खांदे धरून त्याला गदागदा हलवायचं आणि छातीत पाणी डुचमळतंय का ते ऐकायचं. त्यातून कधीकधी खरंच काही कळायचंही. पण रोग्याची काय दशा होत असेल ती होवो.

आपल्याकडचे लोक इथं लगेच चरकाचं नाव घेतात. घ्यावंच. राजयक्ष्म्याची लक्षणं चरकसंहितेत किती बारकाईनं दिली आहेत! खोकला, ताप, बसलेला आवाज, खांदे नि बरगड्यांतलं दुखणं, थुंकीतून रक्त. बघणाऱ्याची नजर पक्की होती. पण कारणं वाचा. झेपणार नाही ते साहस, शरीराचे वेग अडवणं, धातूंचा क्षय, आणि विषम आहार. चारही कारणं रोग्याच्या वागण्यात. कथेतही तेच. सत्तावीस बायकांपैकी एकट्या रोहिणीकडेच राहतो म्हणून सासऱ्यानं चंद्राला शाप दिला आणि चंद्राला क्षय जडला. (चंद्राला निदान पंधरा दिवसांनी पुन्हा भरून यायची सवलत तरी मिळाली. आमच्या घराण्यांत क्षयानं गेलेल्या सुनांच्या वाट्याला अशी पौर्णिमा आलेली मी ऐकली नाही.)

माझं भांडण इथं आहे. साधनं नव्हती हा त्या लोकांचा दोष नव्हे. पण रोग दिसत नाही म्हटल्यावर माणसाचा स्वभाव बघायचा, आणि स्वभावातच रोगाचं मूळ शोधायचं, ही जी खोड लागली ती हजारो वर्षं गेली नाही. आणि आपल्या घरांतून ती आजही गेलेली नाही.

छातीच्या आत काय चाललंय हे जिवंत माणसात कळायला लागलं ते फार उशिरा. व्हिएन्नाचा लिओपोल्ड आउएनब्रुगर हा मूळचा ग्राट्स गावचा, खाणावळवाल्याचा मुलगा. बाप दारूची पिंपं वाजवून किती भरलंय ते सांगायचा, तसं हा छाती वाजवून बघू लागला. आपण कलिंगड नाही का वाजवून घेत? हवा असेल तिथं पोकळ आवाज, भरलं असेल तिथं बद्द. 1761 साली त्यानं यावर लहानसं पुस्तक काढलं. मोठमोठ्या वैद्यांनी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही. 1808 साली नेपोलियनचा डॉक्टर कोर्व्हिसार यानं त्याचं फ्रेंच भाषांतर केलं, तेव्हा कुठं लोकांना ते सुचलं. सत्तेचाळीस वर्षं! तेवढ्या काळात किती छात्या न वाजवताच गेल्या असतील.

मग लेनेक. ही गोष्ट तुम्ही ऐकलीच असेल, शाळेच्या पुस्तकांतही असते. 1816 साल, पॅरिस. रेने लेनेक या डॉक्टरसमोर एक तरुण मुलगी आली, हृदयविकाराची लक्षणं असलेली. अंगानं भरलेली, त्यामुळं छाती वाजवून काही कळेना. छातीला कान लावावा, तर वय तरुण आणि जात बाईची. त्यानं कागदाची घट्ट सुरळी केली, एक टोक तिच्या छातीवर, एक आपल्या कानाला. नुसत्या कानापेक्षाही स्पष्ट ठोके ऐकू आले. पुढं त्यानं फूटभर लांबीची लाकडी नळी घडवली, तीच स्टेथोस्कोपची आजी.

ही गोष्ट सांगताना सगळे त्या डॉक्टरच्या सभ्यतेचं कौतुक करतात. मला मात्र त्या मुलीचं कोडं पडतं. कागदाची सुरळी सुचली नसती तर? तर तिला न ऐकताच परत धाडली असती, आणि तिच्या घरचे म्हणाले असते, ‘नाजूकच आहे जरा प्रकृती.’ लाजेपोटी किती बायकांच्या छात्या ऐकायच्या राहिल्या, याचा हिशोब कुठल्या पुस्तकात नाही. लाजेतून एक नळी जन्माला आली त्याचा मात्र आहे.

लेनेकचं खरं मोठेपण त्या नळीत नव्हतं. त्यानं दवाखान्यात रोगी जिवंत असताना जे ऐकलं ते लिहून ठेवलं, आणि तोच रोगी दगावल्यावर शव उघडून आत काय आहे त्याच्याशी ताडून बघितलं. निरोगी छातीवर नळी ठेवून माणसाला बोलायला लावलं तर नुसती घरघर ऐकू येते. पण क्षयानं जिथं भोक पाडलंय तिथं नळी ठेवली, की रोग्याचा आवाज जणू छातीतूनच सरळ कानात बोलतो. असं किती जणांत ऐकलं आणि उघडल्यावर किती जणांत भोक सापडलं, हे बघून त्यानं 1819 साली ग्रंथ काढला. फुप्फुसातल्या बाजरीएवढ्या गाठी, मोठ्या गाठी, आणि त्या विरघळून पडलेल्या पोकळ्या हे वेगवेगळे रोग नव्हेत, एकाच रोगाच्या पायऱ्या आहेत, हे त्यानं ठासून सांगितलं. तोंड बघून नव्हे हो. ऐकून, लिहून, ताडून.

आणि तरीही हाच माणूस कारणाशी आला की घसरला. पॅरिसमधल्या एका नव्या जोगिणींच्या मठाची हकीकत त्यानं लिहून ठेवली आहे. नियम फार कडक. मन सतत पापाच्या नि नरकाच्या विचारात, पदोपदी इच्छा मोडायच्या. एक-दोन महिन्यांत पाळी बंद व्हायची, पुढं क्षय दिसू लागायचा. दहा वर्षं तो तिथं वैद्य होता. त्या काळात सगळा मठ दोन-तीनदा नव्यानं भरावा लागला, म्हणजे तितक्या बायका मेल्या. ज्यांनी त्याचं ऐकून मठ सोडला त्या बहुतेक बऱ्या झाल्या. आणि आत राहूनही वाचल्या कोण, तर मठाची मुख्य, दारावरची, आणि बागेत, स्वयंपाकघरात नि आजाऱ्यांच्या खोलीत काम करणाऱ्या.

एवढं सगळं डोळ्यांसमोर होतं. सारखी कुणीतरी खोकणारी. लेनेकनं निष्कर्ष काय काढला? दुःखी मनामुळं क्षय होतो. बाग सांभाळणाऱ्या वाचल्या, कारण त्यांचं मन रमत होतं! मोकळ्या हवेत होत्या, हे सुचलं नाही. रोग एकीकडून दुसरीकडे जातो यावर त्याचा विश्वासच नव्हता. तो स्वतः 1826 साली क्षयानंच गेला. घराण्यातल्याच एका तरुण डॉक्टरनं त्याच्याच नळीनं त्याची छाती ऐकली म्हणतात.

आता उपचार. यावर फार लिहावंसं वाटत नाही, अंगावर काटा येतो. इंग्रज कवी जॉन कीट्स स्वतः औषधविद्या शिकलेला. 1820 च्या फेब्रुवारीत खोकताना रक्त पडलं, त्याचा रंग बघूनच तो काय समजायचं ते समजला. डॉक्टरांनी काय केलं? शीर कापून आणखी रक्त काढलं. हवापालटाला रोमला पाठवलं. तिथल्या डॉक्टरला आधी वाटलं दुखणं पोटाचं आहे. पुन्हा रक्त काढलं आणि खाणं इतकं तोडलं की पोरगा भुकेनं कळवळायचा. 23 फेब्रुवारी 1821 ला गेला, वय पंचवीस. शव उघडलं तर फुप्फुसं जवळजवळ संपलेली. गंमत बघा, रोमच्या अडाणी समजल्या जाणाऱ्या कायद्यानं त्याच्या खोलीतलं सामान जाळायला लावलं, भिंती खरवडायला लावल्या. हा रोग लागतो, हे त्या शिपायांना ठाऊक होतं. शहाण्या डॉक्टरांना नव्हतं.

1865 साली व्हिलमां या फ्रेंच डॉक्टरनं क्षयाच्या गाठीतला अंश सशांना टोचून त्यांना क्षय होतो हे दाखवलं. 24 मार्च 1882 ला बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉखनं जंतूच दाखवला. स्वभावाचा, शापाचा, कुळाचा, दुःखी मनाचा सगळा खटला त्या दिवशी निकालात निघायला हवा होता.

निघाला का? आपल्या आनंदीबाई जोशींकडेच बघा. फिलाडेल्फियाहून 1886 च्या मार्चमध्ये डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात बायकांच्या विभागावर नेमणूक झालेली. म्हणजे आमच्या या भागातल्या बायकांची छाती ऐकायला बाईचाच हात येणार होता. 26 फेब्रुवारी 1887 ला पुण्यात क्षयानं त्या गेल्या, एकविसाव्या वर्षी. जंतू सापडून पाच वर्षं होत आली होती, औषध मात्र जगात कुणाकडेच नव्हतं. आणि लोक काय बोलले? समुद्र ओलांडला, बाईच्या जातीला न झेपणारं शिक्षण घेतलं, त्याचं फळ. झालं! पुन्हा ‘साहस’. पुन्हा तिचंच वागणं.

औषध यायला 1940 चं दशक उजाडलं. स्ट्रेप्टोमायसिन, पुढं पास, 1952 पासून आयसोनियाझिड. त्याआधी सॅनटोरियम, म्हणजे हवा, विश्रांती नि खुराक. आमच्याकडे मिरजेजवळची वानलेसवाडी त्यासाठीच माहीत. खुराक म्हणजे अंडी, माशाचं तेल, मटणाचा रस्सा. तिथं आमच्या जैन घरांची पंचाईत. ‘धर्म सोडायचा की माणूस’ असा पेच टाकून आजाऱ्याला घरीच ठेवलेल्या हकीकती मी सासरी-माहेरी दोन्हीकडे ऐकल्यात.

हा पेच कुणी सोडवला माहितेय? मद्रासनं. 1956 पासून तिथं गरीब रोग्यांचे दोन गट केले. एक सॅनटोरियममध्ये, चांगल्या खाण्यासह. दुसरा आपापल्या दाटीवाटीच्या घरात, जे मिळेल ते खाऊन, कामधंदा करत. औषधं दोघांना तीच, एक वर्ष. घरचे रोगीही जवळपास तेवढेच बरे झाले, आणि त्यांच्या घरातल्यांना सॅनटोरियमवाल्यांच्या घरच्यांपेक्षा जास्त लागण झाली नाही. 1959 साली हे छापून आलं आणि जगभर सॅनटोरियमांचे दिवस भरले. बायांनो, वाचवतं ते औषध. खाणं हवंच, पोटभर आणि चांगलं, पण डाळ, दूध, शेंगदाणे यांवर भागतं. त्यासाठी धर्म पणाला लावायची गरज उरलेली नाही.

मग आज काय अडलंय? औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. साधा क्षय बहुधा सहा महिन्यांत बरा होतो. दोन आठवड्यांवर खोकला गेला की बेडका तपासून घ्यायचा, एवढंच. आणि तिथंच अडतंय. बाई डबी घेते, कोपऱ्यात जाते, पदर तोंडाला लावून नुसती थुंकी टाकून देते. बेडका छातीतून ओढून काढावा लागतो, आवाज होतो, चार लोक बघतात. डबीत थुंकीच असली तर जंतू कसा सापडायचा? ‘काही नाही’ असा कागद घेऊन ती घरी येते आणि सगळे खूश. ‘प्रकृतीच नाजूक हो हिची.’ दोनशे वर्षांपूर्वीची ती पॅरिसची पोरगी आणि ही, यांत मला काहीच फरक दिसत नाही. हिला तर कागदाची सुरळीसुद्धा मिळाली नाही.

माझ्या नात्यातली एक सून, नाव-गाव सांगणार नाही, रोगाची खात्री झाल्यावरही गोळ्या बांगड्यांच्या डब्यात ठेवायची. कारण धाकट्या नणंदेचं जमायचं होतं. ‘घरात क्षय आहे’ असं कळलं तर स्थळ मोडेल, म्हणून सासूबाईंनीच तसं बजावलेलं. गोळ्या नीट सुरू झाल्यावर काही आठवड्यांत लागण व्हायची भीती झपाट्यानं उतरते. लागण होते ती न ओळखलेल्या, न तपासलेल्या खोकल्यापासून. म्हणजे जिला लपवता ती धोक्याची नाही, आणि ज्या आजोबांचा खोकला ‘बिडीचा’ म्हणून वर्षानुवर्षं सोप्यात मोकळा फिरतो, त्यांच्याकडं कुणाचं लक्ष नाही!

त्यात दशलक्षण आलं. दहा दिवसांचे उपवास धरले, गोळ्या बंद. ‘उपाशीपोटी कशा घ्यायच्या, नि व्रतात औषध कसं चालेल?’ असं कुणीतरी म्हणालं. सोळा भावनांत ‘शक्तितस्तप’ हीही एक भावना आहे, हे पाठशाळेतली पोरंसुद्धा घडाघडा म्हणतात. झेपेल तितकं तप. दहा दिवस गोळ्या सोडल्या की जंतूंना डोकं वर काढायला सवड मिळते, आणि पुन्हा पुन्हा असं झालं तर ते त्याच औषधाला दाद देईनासे होतात. मग उपचार आणखी लांबतो आणि आणखी कडू होतो. गोळी सकाळी उजेडात, पाण्याबरोबर घेता येते. रात्रीभोजनाचा प्रश्न येत नाही. उपवास करायचाच असेल तर आधी डॉक्टरला विचारा. नाही म्हणाला तर जाप करा, स्वाध्याय करा, आणि तुमच्या जागी उपवास घरातल्या धडधाकट पुरुषांना करू द्या.

महिला मंडळांना माझं एक मागणं आहे. पुढच्या आरोग्य शिबिरात रक्तदाब नि साखर तपासताच आहात. सोबत एक खोली बायकांसाठी वेगळी ठेवा. खिडक्या उघड्या, दार लावलेलं, आत एक नर्सबाई. तिनं प्रत्येकीला दाखवावं, खोल श्वास घ्यायचा, दोन-तीनदा, मग पोटातून जोर लावून खोकायचं, आणि जे येईल ते डबीत. मोठ्यानं.