वायफाय तुटते कोणामुळे आणि बोल कोणाला?

यवतमाळ जिल्ह्यात लॅपटॉप ही आता फक्त विद्यार्थ्यांची किंवा सरकारी कचेरीतली वस्तू राहिलेली नाही. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा पुणे, मुंबई, हैदराबादच्या कंपन्यांत नोकरी करणारी मुले पुसद, दिग्रस, उमरखेड, वणी येथे घरी परतली ती कंपनीचा लॅपटॉप सोबत घेऊनच. त्याच वर्षी ५ नोव्हेंबरला केंद्राच्या दूरसंचार विभागाने कॉल सेंटर व तत्सम सेवांचे नियम सैल केले आणि अशा कामातील कायद्याची अडचण बरीच दूर झाली. पुढे अनेक कंपन्यांनी माणसे परत बोलावली हे खरे. पण घरून काम करण्याची पद्धत पुरती मोडली नाही. ज्या घरांना मुलीने परगावी एकटीने राहणे पसंत नाही, त्या घरांसाठी गावात बसून मिळणारा पगार ही किती मोठी गोष्ट आहे, हे वाचकांना सांगायला नको.

ही नोकरी टिकते की जाते, हे मात्र पुष्कळदा एका क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टीवर ठरते. ऐन कामात वायफाय तुटते, हजेरीत खंड दिसतो आणि वरिष्ठ म्हणतात, "तुमच्या गावाचे नेटच खराब." आमचे म्हणणे असे की हा निकाल तपासाआधीच दिला जातो आणि तो बऱ्याच वेळा चुकीचा असतो.

कंपनीचा लॅपटॉप हा घरच्या लॅपटॉपसारखा नसतो. त्याच्या मुख्य चाव्या कंपनीच्या आयटी विभागाकडे असतात. कोणते सॉफ्टवेअर टाकायचे, कोणता अपडेट केव्हा द्यायचा, वायफाय कार्डाचा ड्रायव्हर कोणता ठेवायचा, हे सगळे दुरून ठरते. विंडोजमध्ये वीज वाचवण्यासाठी वायफाय कार्ड झोपवण्याची एक सोय आहे आणि जोडणी वारंवार तुटण्यामागे कधीकधी तीच असते. ती बंद करायला दोन मिनिटे पुरतात, पण कर्मचाऱ्याला तो अधिकार नसतो. मागील तीन दिवसांत वायरलेस जोडणी केव्हा व कशामुळे तुटली याचा तपशीलवार अहवालही विंडोज देते. तो काढायलासुद्धा तोच अधिकार लागतो. म्हणजे आरोप ज्याच्यावर, त्यालाच कागदपत्रे पाहायची मनाई!

दोष गावाचा नसतोही, याचा दाखला घ्यायचा तर डिसेंबर २०२३ चा घ्यावा. विंडोज ११ च्या एका अपडेटनंतर काही लॅपटॉप कार्यालयांच्या व विद्यापीठांच्या वायफायला जोडलेच जाईनात. मायक्रोसॉफ्टने दोष कबूल करून तो बदल मागे घेतला. घरगुती वायफायला त्याचा फारसा त्रास नव्हता. तिथे राऊटर बदलून काय साधले असते?

अर्थात आपल्याकडील कारणे नाहीतच असे आम्ही म्हणत नाही. वीज क्षणभर जरी गेली तरी राऊटर बंद पडून पुन्हा सुरू होतो आणि पूर्ववत व्हायला दोन-तीन मिनिटे घेतो. लॅपटॉप बॅटरीवर चालतच राहतो, म्हणून वीज गेल्याचे दिवसा लक्षातही येत नाही; वाटते, वायफायच बिघडले. राऊटरपुरता छोटा यूपीएस बाजारात मिळतो. आमच्या मते घरून काम करणाऱ्याने पहिला खर्च त्यावर करावा, महागड्या राऊटरवर नव्हे. दुसरे, राऊटर लोखंडी कपाटामागे किंवा जाड भिंतीच्या कोनाड्यात ठेवण्याची आपली सवय. राऊटरचे दोन पट्टे असतात: २.४ गिगाहर्ट्झचा लांब पोहोचतो पण शेजाऱ्यांच्या राऊटरांनी आणि मायक्रोवेव्हने गजबजलेला असतो. ५ गिगाहर्ट्झचा वेगवान, पण भिंतीपुढे लवकर हार मानतो. दोन्हींना एकच नाव असेल तर लॅपटॉप या पट्ट्यावरून त्या पट्ट्यावर उड्या मारतो आणि त्या गडबडीत जोडणी सुटते. नावे वेगळी ठेवून पाहावीत.

पण आधी चोर ओळखावा. वायफाय तुटले की त्याच राऊटरवर जोडलेला मोबाईल पाहावा. (मोबाईलचा स्वतःचा डेटा त्या वेळी बंद हवा, नाहीतर तपासाला अर्थ नाही.) मोबाईलचेही नेट गेले असेल तर दोष राऊटरचा, विजेचा किंवा फायबरवाल्याचा. मोबाईल व्यवस्थित चालतो आणि लॅपटॉपवर वायफायची खूणही कायम आहे, फक्त कंपनीचे काम अडले, तर वायफाय निर्दोष आहे. संशय कंपनीच्या व्हीपीएनवर घ्यावा. खूणच नाहीशी झाली तर लॅपटॉप मोबाईलच्या हॉटस्पॉटवर तासभर चालवून बघावा. तिथेही तुटत असेल तर राऊटरवर आळ घेण्यात अर्थ नाही. लॅपटॉपला केबलचे तोंड असेल आणि कंपनीची परवानगी असेल तर राऊटरला केबलने जोडून काम करावे. निम्मे भांडण तिथेच मिटते.

आमच्या व्यापारी बंधूंनाही एक सांगणे आहे. गिऱ्हाईक वायफायची तक्रार घेऊन आले की लगेच नवा राऊटर किंवा रेंज वाढवणारे यंत्र काढून दाखवू नये. वरील तपासाला पैसे पडत नाहीत. तो करून दिला तर गिऱ्हाईक कायमचे जोडले जाते. आणि कंपनीचा लॅपटॉप दुकानात कधीही फॉरमॅट करू नये. त्यातील माहिती बहुधा कुलूपबंद असते, ती कायमची जाऊ शकते आणि नोकरीवर येते ती मुलाच्या.

कंपन्यांकडे आमची मागणी साधी आहे. चाव्या तुमच्याकडे आहेत, तर जोडणी का तुटली हे सिद्ध करण्याचे कामही तुमचेच. तक्रार आली की आधी त्या तीन दिवसांचा अहवाल दुरून काढा, मग हजेरीला हात लावा. तोपर्यंतचा वेळ कर्मचाऱ्याच्या नावावर मांडू नका.

आणि कर्मचाऱ्याने तोंडी तक्रारीवर थांबू नये. "नेट सारखे जाते" या वाक्यावर कोणताही आयटीवाला काही करू शकत नाही. तिकिटात असे लिहावे: "आज ११.४० ला वायफायची खूण गेली, ११.४३ ला परत आली. त्या वेळी त्याच राऊटरवर मोबाईल चालू होता. घरात वीज होती. कालही दुपारी दोनदा असेच झाले. हॉटस्पॉटवर तासभर चालवले, तिथेही एकदा तुटले. कृपया मागील तीन दिवसांचा वायरलेस अहवाल काढून त्याची प्रत मला द्यावी."