पाळकच चुकला तर जाब कोण विचारणार?

चार भांडी एकत्र आली की आवाज होणारच, असं आपण घरातल्या कुरबुरींबद्दल म्हणतो. मग जिथे दर रविवारी शेकडो माणसं एकत्र येतात, त्या चर्चमध्ये वाद झाला तर तो कसा मिटवतात?

आज पेंटेकॉस्टल चर्चबद्दल बोलूया. पवित्र आत्म्याच्या अनुभवावर भर देणाऱ्या या मंडळींचं महाराष्ट्राशीही जुनं नातं आहे. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली झालेली जागृती या चळवळीच्या इतिहासात आवर्जून सांगितली जाते.

तीन पायऱ्या

वाद मिटवण्याची रीत बायबलमधूनच येते. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या १८व्या अध्यायात तिच्या तीन पायऱ्या आहेत. कुणी तुमचा अपराध केला, तर आधी त्याला एकट्याला गाठून बोला. ऐकलं नाही तर एक-दोन साक्षीदार सोबत न्या. तरीही नाहीच ऐकलं, तर मंडळीपुढे सांगा.

म्हणजे बोभाटा सगळ्यात शेवटी! चुकलेल्या सभासदाकडून गाण्याची किंवा संडे स्कूलची जबाबदारी काही काळ काढून घेतात. हेतू त्याला हाकलण्याचा नसतो, सावरून परत आणण्याचा असतो.

मोठ्या माणसाचं काय?

खरी परीक्षा इथे होते. अमेरिकेतले जिमी स्वॅगर्ट हे टीव्हीवरचे अतिशय लोकप्रिय प्रचारक. ते ‘असेंब्लीज ऑफ गॉड’ या मोठ्या पेंटेकॉस्टल संघटनेचे पाळक होते. १९८६ मध्ये त्यांनी मार्विन गॉर्मन या दुसऱ्या पाळकावर विवाहबाह्य संबंधांचे आरोप केले आणि गॉर्मन यांचं पद गेलं. पुढे गॉर्मन यांनीच स्वॅगर्ट यांचे एका वेश्येसोबतचे फोटो संघटनेपुढे ठेवले. फेब्रुवारी १९८८ मध्ये स्वॅगर्ट यांनी भर चर्चमध्ये रडत पापाची कबुली दिली.

राज्य पातळीवरच्या पदाधिकाऱ्यांनी त्यांना तीन महिने प्रवचन बंद ठेवायला सांगितलं. राष्ट्रीय नेतृत्वाला ही शिक्षा फार सौम्य वाटली. त्यांनी निदान एक वर्ष प्रवचन बंद आणि दोन वर्षं देखरेख, असं ठरवलं. स्वॅगर्ट यांनी ते मानलं नाही. एप्रिलमध्ये संघटनेने त्यांचं पाळकपद काढून घेतलं.

पण चर्च त्यांचंच, टीव्ही कार्यक्रमही त्यांचाच! मे महिन्यात ते पुन्हा प्रवचनाला उभे राहिले. १९९१ मध्ये ते पुन्हा एका वेश्येसोबत सापडले. त्याच वर्षी गॉर्मन यांच्या बदनामीच्या खटल्यात ज्युरीने स्वॅगर्ट यांच्याविरुद्ध एक कोटी डॉलरचा निकाल दिला. चर्चमधला वाद शेवटी कोर्टातच गेला.

यातून एक गोष्ट लक्षात घ्या. संघटना पद काढून घेऊ शकते, पण श्रोते नाही. लोकच म्हणाले की ‘आम्हाला हाच पाळक हवा’, तर शिस्त कागदावर राहते.

घरातलं घरात? प्रत्येक वेळी नाही

पैशांचा गैरसमज, पदावरून रुसवाफुगवा, अपमान हे सगळं बसून मिटवता येतं. गुन्हा मात्र असा मिटवायचा नसतो. भारतात २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार, मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं कळलं तर पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. तिथे आधी एकट्यात बोलूया, प्रार्थना करूया, मंडळीची बदनामी नको, असं म्हणत बसणं म्हणजे मुलाला आणखी धोक्यात टाकणं. क्षमा करायची की नाही हे पीडित व्यक्तीने ठरवावं. तक्रार दाबण्यासाठी क्षमेचा आग्रह कुणी धरू नये.

तुम्ही कुठल्याही चर्चचे सभासद असा, तीन प्रश्न जरूर विचारा. तक्रार कुणाकडे करायची? तक्रार पाळकाविरुद्धच असेल तर ती कोण ऐकणार? ऐकणारे त्यांचेच नातेवाईक तर नाहीत ना?

हे प्रश्न विचारणं म्हणजे श्रद्धा कमी असणं नव्हे. वाद पेटल्यावर उत्तरं शोधण्यापेक्षा सगळं शांत असतानाच ती माहीत करून घ्या.