तंत्रप्रमुखाचा नकाराधिकार

गेल्या महिन्यात आमच्या महाविद्यालयाचा एक माजी विद्यार्थी भेटावयास आला. संगणकशास्त्राचा पदवीधर, वडील एका पतपेढीत लिपिक, डोक्यावर शैक्षणिक कर्ज. एका मोठ्या कंपनीचे नेमणूकपत्र त्याच्या खिशात होते आणि हातात मित्राने दिलेला एक पानी कागद. त्या मित्राने सुरू केलेल्या ‘स्टार्टअप’मध्ये, म्हणजे नवउद्योगात, त्याला ‘सीटीओ’ अर्थात मुख्य तंत्रज्ञान अधिकारी हे पद देऊ करण्यात आले होते. वेतन नाही, भागभांडवलात दोन टक्के वाटा. काय तयार करावयाचे आणि किती दिवसांत, याची यादी त्या कागदावर तपशीलवार होती. त्याने काय ठरवावयाचे याविषयी मात्र एक ओळही नव्हती. “सर, पद मोठे आहे. घेऊ का?” हा त्याचा प्रश्न.

पद मोठे आहे हे खरे, पण त्याची व्याख्या कोठे आहे? २०१३ च्या कंपनी कायद्यात ‘प्रमुख व्यवस्थापकीय व्यक्तीं’ची व्याख्या करताना मुख्य कार्यकारी अधिकारी, कंपनी सचिव, पूर्णवेळ संचालक आणि मुख्य वित्त अधिकारी यांचा नावानिशी उल्लेख आहे. मुख्य तंत्रज्ञान अधिकाऱ्याचा नाही. संचालक मंडळाला वाटल्यास ते अशा एखाद्या अधिकाऱ्याला त्या पंक्तीत बसवू शकते, इतकेच. सारांश, हा हुद्दा देणाऱ्याच्या मर्जीचा आहे आणि त्यामागे अधिकार आहे की नाही हे प्रत्येक ठिकाणी वेगळे तपासावे लागते.

हा अधिकार म्हणजे नेमके काय, हे पाहण्यासाठी ‘ॲपल’ कंपनीच्या आरंभकाळाकडे वळावे लागेल. १९७६ साली कॅलिफोर्नियात ही कंपनी निघाली तेव्हा यंत्राची रचना स्टीव्ह वॉझ्निॲकची आणि विक्रीची दृष्टी स्टीव्ह जॉब्जची होती. वॉझ्निॲकच्या नावापुढे हा हुद्दा नव्हता. काम मात्र तेच होते. ‘ॲपल-२’ या यंत्राची आखणी चालू असताना दोघांत वाद झाला. यंत्रात जादा जोडण्यांसाठी खाचा किती ठेवाव्यात? जॉब्जच्या मते दोन पुरेत, एक छपाईयंत्रासाठी आणि एक दूरध्वनीजोडणीसाठी. वॉझ्निॲकचा आग्रह आठांचा. मालाची किंमत आणि सुबकता पाहणाऱ्याला सहा खाचा ही उधळपट्टी वाटली असल्यास नवल नाही. पण वॉझ्निॲक हटला नाही. दोनच हव्या असतील तर दुसरे यंत्र शोध, असे त्याने बजावले आणि १९७७ मध्ये यंत्र आठ खाचांसह बाजारात आले.

पुढच्याच वर्षी वॉझ्निॲकने चकतीवर माहिती साठवण्याचे उपकरण तयार केले. ते अशाच एका खाचेत बसले. १९७९ मध्ये डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँक्स्टन यांचा ‘व्हिसिकॅल्क’ हा आकडेमोडीचा तक्ता याच यंत्रासाठी आला. एक आकडा बदलताच साऱ्या बेरजा आपोआप बदलणारा हा तक्ता हिशेबनीसांना इतका भावला, की केवळ त्याच्यासाठी लोक यंत्र विकत घेऊ लागले. १९७७ मध्ये यातले काहीच कुणाला दिसत नव्हते. वॉझ्निॲकलाही नव्हते, पुढचे आपल्याला दिसत नाही म्हणून दार मोकळे ठेवावे, एवढेच त्याला कळत होते.

आता याच्या उलट उदाहरण. १९८० साली ‘ॲपल-३’ आले. त्याच्या रचनेची सूत्रे वॉझ्निॲककडे नव्हती. आवाज नको म्हणून यंत्रात पंखाच बसवू नये, हा जॉब्जचा आग्रह मान्य झाला. यंत्रे तापू लागली, आतील सुटे भाग जागचे हलू लागले, आणि यंत्र थोडे उचलून टेबलावर आपटावे, असा तोडगा ग्राहकांना सुचवण्याची वेळ कंपनीवर आली! सर्व दोष पंख्याच्या अभावाचा नव्हता हे मान्य. परंतु ‘हे चालणार नाही’ असे सांगून ते थांबवू शकणारा माणूस त्या खोलीत नव्हता.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या प्रश्नाची आणखी एक बाजू जवळची वाटेल. वॉर्ड कनिंगहॅम या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने १९९२ मध्ये ‘तांत्रिक कर्ज’ अशी उपमा वापरली. घाईने, तात्पुरते भागेल असे काम केले की आज वेळ वाचतो, पण पुढच्या प्रत्येक दुरुस्तीत त्याचे व्याज भरावे लागते. नवउद्योगाने असे कर्ज काढूच नये, असे मी म्हणणार नाही. वेळ हेच ज्याचे भांडवल, त्याला उधार घ्यावेच लागते. अडचण अशी की हे कर्ज ताळेबंदात दिसत नाही. ते किती झाले हे एकट्या तंत्रप्रमुखाला ठाऊक असते आणि तो गप्प बसला वा त्याला गप्प बसवले, तर बाकीचे सारे नफ्याच्या गणितात रमलेले राहतात. ‘फ्रेंडस्टर’ हे मित्रांना जोडणारे अमेरिकन संकेतस्थळ २००३ मध्ये विलक्षण गाजले. गर्दी वाढली तशी त्याची पाने उघडण्यास कधी कधी चाळीस सेकंद लागू लागली. नामांकित संचालक त्या वेळी नव्या योजनांची चर्चा करीत होते आणि सभासद ‘मायस्पेस’कडे निघून जात होते.

हल्ली असे ऐकू येते की संगणकाच्या आज्ञावल्या आता कृत्रिम बुद्धिमत्ताच लिहून देते, तेव्हा तंत्रप्रमुख हवा कशाला? लिहिणे स्वस्त झाले हे निर्विवाद. पण त्यामुळे कर्ज काढणे सोपे झाले. ते फेडणे नव्हे. तंत्रज्ञांची बाजू घेताना त्यांचा दोषही सांगितला पाहिजे. भाड्याने मिळणारी वस्तू हौसेखातर स्वतः घडवीत बसणारे आणि गिऱ्हाईक कोण हे विचारायला विसरणारे तंत्रप्रमुख काही कमी नाहीत.

त्या विद्यार्थ्याला मी पद घे किंवा नको, असे सांगितले नाही. एखादी गोष्ट सदोष वाटल्यास ती बाजारात जाण्यापासून रोखण्याचा अधिकार त्याला आहे काय, हे लेखी मागावे, असे सुचवले. वाटा चार वर्षांत टप्प्याटप्प्याने हाती यावा आणि पहिल्या वर्षाच्या आत बाहेर पडणाऱ्याला काहीच मिळू नये, ही या व्यवसायातील रूढ पद्धत. तिलाही हरकत नाही. मात्र तीच अट कल्पना सुचलेल्या मित्रालाही लागू असावी. आणि दोनच टक्के का, हा प्रश्न संकोच न करता विचारावा. घरचे कर्ज फेडणाऱ्या मुलाने वर्षभर बिनपगारी काम करणे ही त्या उद्योगातील गुंतवणूकच आहे. नाकारलेल्या नोकरीचा वर्षाचा पगार मांडला की तिची किमान रक्कम निघते. ती रक्कम आम्ही त्याच कागदाच्या पाठीमागे मांडली. मित्राने अद्याप उत्तर दिलेले नाही. नेमणूकपत्राची मुदत या महिनाअखेर संपते.