गुण तेवढेच, पर्सेंटाइल वेगळे

लोणावळ्याजवळच्या कुसगावातील सिंहगडचे महाविद्यालय असो वा तळेगाव दाभाड्यातील नूतन महाराष्ट्र, मावळातल्या मुलांना अभियांत्रिकीचे दार एमएचटी-सीईटी उघडते. या परीक्षेत गणिताचे वजन मोठे: 50 प्रश्न, प्रत्येकी 2 गुण. भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राचे प्रश्न मात्र एकेका गुणाचे.

पण गुणवत्ता यादीत हे गुण दिसत नाहीत, पर्सेंटाइल दिसते.

परीक्षा अनेक सत्रांत होते आणि प्रत्येक सत्राची प्रश्नपत्रिका निराळी असते. समजा, एका सत्रात 20,000 मुले बसली आणि 19,000 जणांना एखाद्या मुलीइतके किंवा तिच्यापेक्षा कमी गुण पडले, तर तिचे पर्सेंटाइल 95. तेवढेच गुण मिळवणारा तिचा वर्गमित्र सोप्या सत्रात असेल, तर तो खाली येतो. अवघड पेपरचा फटका एकाच सत्राला बसू नये, यासाठी हा हिशेब आहे आणि तो रास्त आहे.

खासगी महाविद्यालयांतील 15 टक्के अखिल भारतीय जागांसाठी आधी जेईई मेन पाहिली जाते. तिथे चुकीच्या उत्तराला गुण कापतात, सीईटीत कापत नाहीत. म्हणून दोन्हींच्या पर्सेंटाइलची थेट तुलना करू नये.

पवन मावळातल्या पालकांना हे सारे क्लासवाल्याकडून कळावे, ही स्थिती बदलायला हवी. कनिष्ठ महाविद्यालयांनी अकरावीतच पालकसभा घेऊन हा हिशेब फळ्यावर मांडून दाखवावा आणि सीईटी कक्षाने सत्रनिहाय गुणांची आकडेवारी सोप्या मराठीत खुली करावी, अशी आमची आग्रहाची मागणी आहे.