अनुभवाचा रकाना

महाविद्यालयात प्रशिक्षकाची जागा भरायची म्हटली की अर्जातल्या एका रकान्याकडे सगळ्यांची नजर आधी जाते: ‘महाविद्यालयीन स्तरावरील अनुभव’. तिथे आकडा असला तर पुढचे पान उलटले जाते. आडवी रेघ असली तर अर्ज गठ्ठ्याच्या तळाला जातो. यात संस्थेची सोय असते. उद्या संघ पहिल्याच फेरीत गारद झाला तरी ‘आम्ही अनुभवी माणूस घेतला होता’ असे सांगता येते. प्रश्न एवढाच, की ही सोय खेळाडूंच्याही सोयीची आहे का?

धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यातले माकणी हे निम्न तेरणा धरणाच्या काठचे गाव. या पट्ट्यातल्या कोणत्याही मोठ्या गावाबाहेर पहाटे गेले तर पोलीस भरतीची तयारी करणारी मुले-मुली डांबरी रस्त्याच्या कडेने धावताना दिसतात. मुलांना १६०० मीटर, मुलींना ८०० मीटर, शिवाय १०० मीटर धावणे आणि गोळाफेक, अशी ५० गुणांची मैदानी परीक्षा असते. त्यांच्या बाजूला हातात घड्याळ धरून कोणीतरी उभे असते. कुठे तो सैन्यातून निवृत्त होऊन आलेला जवान असतो, कुठे एकेकाळी जिल्ह्याकडून कबड्डी खेळलेला शेतकरी, तर कुठे जिल्हा परिषद शाळेतले गुरुजी. कोणाचा पाय आत वळतो, कोण पहिल्याच फेरीत दम संपवतो आणि कोणाच्या घरी सोयाबीन काढणी सुरू झाल्याने तो आठवडाभर येणार नाही, हे त्या माणसाला तोंडपाठ असते. अशा माणसाने महाविद्यालयात सहायक प्रशिक्षक म्हणून अर्ज केला तर त्याच्या रकान्यात आडवी रेघच येणार.

आधी नियम पाहू. महाविद्यालयातील शारीरिक शिक्षण संचालकाच्या पदासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम आहेत. शारीरिक शिक्षणात किमान ५५ टक्के गुणांसह पदव्युत्तर पदवी, नेट किंवा पीएच.डी., आणि खेळाडू म्हणून महाविद्यालयाचे, विद्यापीठाचे वा राज्याचे प्रतिनिधित्व केल्याचा पुरावा, अशा त्याच्या मुख्य अटी आहेत. तंदुरुस्तीची चाचणीही आहे. तिशीपर्यंतच्या पुरुष उमेदवाराने १२ मिनिटांत १८०० मीटर आणि महिला उमेदवाराने ८ मिनिटांत १००० मीटर अंतर कापायचे. म्हणजे उमेदवाराला पळवून पाहिले जाते, पण समोर बारा खेळाडू उभे करून ‘यांना शिकवून दाखवा’ असे कोणी म्हणत नाही. याच विनियमांत एक दुसरे दारही आहे. आशियाई किंवा राष्ट्रकुल स्पर्धेतील पदकविजेता पदव्युत्तर असेल तर तो पात्र ठरतो. मैदानावरची कमाई कागदाच्या तोडीची असू शकते, हे तत्त्व आयोगाने मान्य केले आहे. पण धाराशिवकरांना इथे एक खोच लक्षात येईल. या जिल्ह्याची देशभर ओळख ज्या खेळामुळे झाली त्या खो-खोला या दोन्ही स्पर्धांत पदकाचे स्थान नाही. दार आहे, पण ते कुस्तीपटूसाठी उघडते आणि खो-खोपटूसाठी बंदच राहते.

सहायक प्रशिक्षकाची गोष्ट आणखी वेगळी. आपल्याकडच्या बहुतेक महाविद्यालयांत असे मंजूर पदच नसते. क्रीडा संचालक एक आणि खेळ डझनभर, अशी स्थिती असते. काही ठिकाणी संचालकाची जागाही तासिका तत्त्वावर चालते. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तोंडावर आल्या की मानधनावर कोणाला तरी महिनाभर बोलावले जाते. इथे विनियमांची बेडी नाही, निवड पूर्णपणे संस्थेच्या हातात आहे. तरीही बहुतेक संस्था तोच रकाना पुढे करतात.

महाविद्यालयीन खेळाचा सर्वांत मोठा पसारा असलेल्या अमेरिकेकडे पाहणे इथे उपयोगाचे आहे. तिथे ज्याला फुटबॉल म्हणतात तो आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. अंडाकृती चेंडू हातात घेऊन धडका देत पुढे जाण्याचा तो खेळ आहे. एका विद्यापीठ संघाला मुख्य प्रशिक्षकाखाली दहा सहायक ठेवता येत. २०२४ मध्ये नियम सैल झाल्याने मैदानावर शिकवणाऱ्यांची संख्या आणखी वाढू शकते. तिथेही हाच वाद जुना आहे, आणि दोन्ही बाजूंनी बोलणारी दोन उदाहरणे आहेत.

पहिले गस मालझान यांचे. आर्कान्सा राज्यातल्या शाळांत त्यांनी वर्षानुवर्षे संघ घडवले. विद्यापीठ संघाचा अनुभव शून्य असताना २००६ मध्ये आर्कान्सा विद्यापीठाने त्यांना आक्रमणाची जबाबदारी देऊन सहायक म्हणून घेतले. त्यांच्याच शाळेतला नावाजलेला खेळाडूही त्याच वर्षी त्या विद्यापीठात दाखल झाला, त्यामुळे कुजबुजही बरीच झाली. एका हंगामानंतर ते टल्साला गेले, तिथून ऑबर्नला. २०१० च्या हंगामात ऑबर्न राष्ट्रीय विजेता ठरले तेव्हा आक्रमणाची सूत्रे त्यांच्याकडे होती. २०१३ मध्ये ते त्याच संघाचे मुख्य प्रशिक्षक झाले.

दुसरे उदाहरण गेरी फाउस्ट यांचे. सिनसिनाटीतल्या मोलर हायस्कूलमध्ये त्यांचा संघ जवळजवळ हरतच नसे. १९८१ मध्ये नोत्र दाम या बड्या विद्यापीठाने त्यांना थेट मुख्य प्रशिक्षकाच्या खुर्चीत बसवले. पाच हंगामांत ३० विजय, २६ पराभव आणि एक बरोबरी, एवढे पदरी पडले आणि ते पायउतार झाले. माणूस मेहनती होता, सचोटीचा होता. पण शाळेतून एका उडीत शिखरावर नेऊन ठेवल्यावर चुका करून शिकायला जी जागा लागते ती त्यांना मिळालीच नाही.

दोघेही शाळेतूनच आलेले. मालझान यांच्या वर अनुभवी माणूस होता आणि त्यांच्याकडे कामाचा एकच ठराविक तुकडा होता. फाउस्ट यांच्या वर कोणी नव्हते आणि सगळेच त्यांच्या अंगावर होते. दोन उदाहरणांवरून सिद्धांत मांडता येत नाही हे खरे, पण एवढे नक्की दिसते की अननुभवी माणसाला घ्यायचेच असेल तर त्यासाठी सहायकाची जागा सर्वांत सुरक्षित आहे. आपण उलटे करतो. संचालक नाही म्हणून मानधनावरच्या नवख्याला एकट्याला सोडतो, आणि संघ हरला की खापर त्याच्या ‘अनुभव नसण्या’वर फोडतो.

आपल्या मातीतली उदाहरणे तर याहून बोलकी आहेत. रमाकांत आचरेकर प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले, पण शिवाजी पार्कच्या मैदानावर त्यांनी सचिन तेंडुलकरसह कितीतरी क्रिकेटपटू घडवले आणि १९९० मध्ये त्यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. भारतीय फुटबॉलला १९५१ आणि १९६२ अशी दोन आशियाई सुवर्णपदके मिळवून देणारे सय्यद अब्दुल रहीम हैदराबादेत शाळाशिक्षक होते. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ आजही तालमींच्या नावाने उतरतात, आणि शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठा ओस पडतात. तालमीत वस्तादाला कोणी प्रमाणपत्र विचारत नाही. हाताखालचे पठ्ठे कसे लढतात यावर त्याची किंमत ठरते. या परंपरेत अनुभवाला कमी लेखलेले नाही. फक्त तो मोजायचे माप वेगळे आहे.

मग महाविद्यालयीन अनुभव म्हणजे नेमके काय? त्याचे तुकडे पाडून पाहिले तर गोष्ट स्पष्ट होते. पात्रता अर्ज, वयाचे दाखले, विद्यापीठाच्या तारखा, प्रवासखर्चाची बिले, आंतरविद्यापीठ स्पर्धेची निवड चाचणी हा एक भाग झाला. तो महत्त्वाचा आहे. एका चुकलेल्या कागदापायी वर्षभर घाम गाळलेला मुलगा संघाबाहेर राहू शकतो. पण हुशार माणूस हे सारे एका हंगामात शिकतो. अठरा ते बावीस वयाच्या मुलांशी वागणे हा दुसरा भाग. शाळेतला मुलगा ‘बस’ म्हटले की बसतो. महाविद्यालयातला ‘का’ म्हणून विचारतो, आणि विचारायलाच हवे. इथे शाळेची सवय असलेल्या गुरुजींना थोडा आवाज उतरवावा लागतो. हेही शिकता येते.

शिकवता न येणारा भाग तिसरा, आणि तो मैदानावरच दिसतो. खो-खोच्या सरावाला उभे राहून पाहा. चौकोनात बसलेल्या मुलीला पाठीमागून खो मिळतो आणि ती उठते, पण अर्धा पाऊल उशिरा. साधा माणूस ओरडतो, ‘लवकर ऊठ!’ जाणता प्रशिक्षक ओरडत नाही. तो तिच्या मागे जाऊन बसतो, टाचेकडे पाहतो. वजन मागच्या पायावर आहे, म्हणून उठताना आधी ते पुढे आणण्यात क्षण जातो. तो तिची बैठक बोटभर बदलतो आणि दहा वेळा करून घेतो. अकराव्या वेळी ती वेळेत उठते. ही नजर नेटच्या परीक्षेत येत नाही आणि महाविद्यालयात दहा वर्षे हजेरी लावल्यानेही येतेच असे नाही. ती आली असेल तर गावच्या मैदानावरही आलेली असते.

धाराशिवच्या सारिका काळे यांची वाटचाल या संदर्भात आठवते. २०१६ च्या दक्षिण आशियाई क्रीडा स्पर्धेत सुवर्ण जिंकणाऱ्या भारतीय महिला खो-खो संघाच्या त्या कर्णधार. २०२० मध्ये त्यांना अर्जुन पुरस्कार मिळाला, तो खो-खोपटूला २२ वर्षांनी मिळत होता. तेव्हा त्या तुळजापुरात क्रीडा अधिकारी होत्या. त्याच २०१६ साली घरच्या ओढाताणीमुळे त्यांनी खेळ सोडायचे ठरवले होते. त्यांच्या आजीने ही गोष्ट प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांच्या कानावर घातली, त्यांनी समजूत काढली आणि त्या मैदानावर परतल्या. प्रशिक्षकाशी खेळाडूची आजी मोकळेपणाने बोलू शकते, एवढे त्याचे त्या घराशी नाते असणे हाही अनुभवच आहे.

याचा अर्थ रकाना खोडून टाकावा असा नाही. ‘गावचा माणूस, ओळखीचा माणूस’ या नावाखाली वशिला घुसायला वेळ लागत नाही. लेखी निकष असतात ते त्यालाच आळा घालण्यासाठी. दुखापतीच्या बाबतीत तर अर्धवट ज्ञान घातक ठरते. मुरगळलेल्या गुडघ्यावर ‘पळ, मोकळा होईल’ असे सांगणारे महाभाग आपण सर्वांनी पाहिले आहेत. मुलींच्या संघाबरोबर प्रवास, मुक्काम, सरावाच्या वेळा यांत कसलीही ढिलाई चालणार नाही. महिला प्रतिनिधी सोबत असणे आणि अंतर्गत तक्रार समितीची माहिती प्रत्येक खेळाडूला असणे या अटी अनुभवी-अननुभवी सर्वांनाच सारख्या लागू हव्यात.

म्हणून मार्ग मधला, पण नेमका हवा. जाहिरातीत ‘अनुभव’ हा एकच शब्द न लिहिता तो उलगडून विचारावा: कोणता खेळ, कोणत्या वयोगटाला, किती वर्षे, आणि त्यातले किती खेळाडू पुढे खेळत राहिले. मुलाखतीचा अर्धा वेळ मैदानावर काढावा. उमेदवारापुढे अनोळखी खेळाडू उभे करावेत आणि समितीने चुन्याच्या रेघेबाहेरून पाहावे. तो बोलतो किती आणि खेळवतो किती? सर्वांत कच्च्या खेळाडूकडे त्याचे लक्ष जाते का? पहिले वर्ष क्रीडा संचालकाच्या हाताखाली एकच ठराविक काम द्यावे, म्हणजे फक्त संरक्षणाचा सराव किंवा फक्त प्रथम वर्षाची नवी मुले. सुट्टीत पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेच्या सहा आठवड्यांच्या प्रमाणपत्र अभ्यासक्रमाला किंवा फुटबॉल असेल तर महासंघाच्या प्राथमिक परवान्याला पाठवावे आणि खर्च संस्थेने उचलावा. आणि मानधन दरमहा, ठरल्या तारखेला द्यावे. स्पर्धा संपल्यावर शाल-नारळ देऊन बोळवण करायची आणि वर निष्ठेची अपेक्षा ठेवायची, हे आता पुरे.

राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के आरक्षण आहे. तेरणाकाठच्या मुला-मुलींसाठी महाविद्यालयाचा संघ ही हौस नाही, पोटापाण्याकडे जाणारी वाट आहे. तिच्या तोंडाशी कोण उभा करायचा, हे एका रकान्यावरून ठरवणे परवडणारे नाही.

तेव्हा आडवी रेघ असलेला अर्ज आला तर समितीतल्या दोघांनी त्या उमेदवाराच्या गावी एक चक्कर मारावी. आजवर घडवलेल्या मुलांची नावे तो कागद न पाहता सांगतो का, हे बघावे. आणि जी मुले मधूनच सोडून गेली ती का गेली, तेही विचारावे. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याच्याकडे असेल, तर पात्रता अर्ज कसा भरायचा ते त्याला महाविद्यालयाचा लिपिक शिकवील.