गाडी सजवा, पण आधी ब्रेक बघा

आमच्या हिंगोलीकडे जुनी गाडी म्हटले की महिंद्राची जीप नाहीतर मागे हौदा असलेली पिकअप आठवते. शेतातली हळद बाजारात नेण्यापासून वरातीपर्यंत सगळी कामे या गाड्यांनी केली. अलीकडे त्या पुन्हा नव्यासारख्या करण्याची हौस तरुणांत दिसते. हौसेला मोल नसते, हे मान्य. पण पैसा जातो रंगावर, रुंद टायरवर, कर्ण्यावर आणि गाण्यांच्या डब्यावर. ब्रेक मात्र बापजाद्यांच्या वेळचेच. माझा आक्षेप इथे आहे.

पूर्वी आमचे रस्तेच ब्रेकचे काम करीत. खड्डे, बैलगाड्या, म्हशी. चाळिसाच्या वर काटा जातोच कशाला! आता अकोला-वाशिम-हिंगोली-नांदेड रस्ता चौपदरी झाला आहे. वेग ४० चा ८० झाला, तर ब्रेक लागल्यानंतर थांबायला लागणारे अंतर दुप्पट नव्हे, चौपट होते. शिवाय ताशी ८० च्या वेगात पाय ब्रेकवर पडायला एक सेकंद लागला, तरी तेवढ्यात गाडी २२ मीटर पुढे गेलेली असते. मी मराठीचा मास्तर, पण एवढे गणित मलाही येते.

या गाड्यांना चारही चाकांना ड्रम ब्रेक. सारखे दाबले की ड्रम तापतो, प्रसरण पावतो आणि लायनरची पकड सुटत जाते. पाणी शिरले तरी तेच. डिस्क उघडी असल्याने लवकर निवते. त्याहून महत्त्वाचा मास्टर सिलिंडर. जुन्या रचनेत तो एकेरी असतो. एक नळी फुटली की चारही चाकांचा ब्रेक गेला. दुहेरी सिलिंडरमध्ये निदान दोन चाके तरी धरतात. मात्र पुढे नुसती डिस्क ठोकून भागत नाही. तिला दाब जास्त लागतो, म्हणून बूस्टर आणि मापाचा सिलिंडर हवा. पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोल चुकला आणि मागची चाके आधी जाम झाली, तर गाडी गर्रकन फिरते.

काही जण म्हणतात, ‘सर, मग गाडीचे अस्सलपण जाते.’ अहो, आपण वाड्याचा सागवानी दरवाजा जपतो, म्हणून आतली कुजलेली वायर जपतो का?

कायद्याची बाजूही आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार कंपनीच्या मूळ रचनेविरुद्ध बदल करता येत नाहीत. सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये हेच बजावले. पन्नास वर्षांवरील गाड्यांना ‘व्हिंटेज’ नोंदणी देणारे २०२१ चे नियमही गाडी मूळ रूपातच मागतात. बेताल फेरफार रोखायला हे योग्यच. पण थांबण्याची ताकद वाढवणारा बदल आणि कर्णकर्कश भोंगा यांना एकाच तराजूत तोलू नये. तपासणी करून अशा बदलाला परवानगी देण्याची सोपी, स्पष्ट वाट असावी, असे माझे मत आहे.

तोवर आरटीओत विचारल्याशिवाय काही बदलू नका. पण आहेत ते ब्रेक ठणठणीत ठेवायला कुणाची परवानगी लागत नाही. लायनर बदला, गळके व्हील सिलिंडर बदला, दर दोन वर्षांनी ब्रेक ऑईल बदला. ते हवेतला ओलावा शोषते. आणि एवढे करूनही गाडी तिच्या वयाच्या मानानेच हाका. रस्त्यावर आपल्यापुढे सायकलवरून शाळेत निघालेले कुणाचे तरी लेकरू असते. त्याला आपल्या गाडीच्या रंगाशी काय देणेघेणे?