“यांत मांस आहे काय?”

सन २०२४ च्या उन्हाळी सुटींत शिकागो येथें आप्तांकडे जाण्याचा मला योग आला. तेथें शिकत असलेला माझा एक माजी विद्यार्थी मला पिल्सन नामक वस्तींतील एका लहानशा मेक्सिकन खाणावळींत घेऊन गेला. मुलगा जन्माचा शाकाहारी. निघतांना तसें आईला वचन दिलेलें. दर शनिवारीं तो तेथें घोटलेला घेवडा, तांबडा भात आणि मक्याच्या पातळ भाकरी जेवीत असे. “सर, अगदीं घरच्यासारखें लागतें,” असें तो कौतुकानें सांगत होता.

मीं गल्ल्यावरील बाईंस विचारलें, “घेवड्यांत मांस आहे काय?” “मुळींच नाहीं.” मग सहज पुढें विचारलें, “डुकराची चरबी?” त्या हसून म्हणाल्या, “ती तर हवीच! तिच्यावांचून चव कोठून येणार?” भातही कोंबडीच्या रश्शांत शिजविलेला निघाला. मुलाचा हात ताटावरच थांबला. “या लोकांनीं मला सहा महिने फसविलें,” एवढेंच तो बोलला.

मी स्वतः मांसाहारी. तेव्हां त्याचें दुःख मला पुरतें कळलें असें म्हणणें धार्ष्ट्याचें होईल. परंतु त्याचें हें वाक्य मला मान्य नाहीं. त्या स्वयंपाकघरांत मांस म्हणजे तुकडा; चरबी ही फोडणीच्या तेलासारखी. आपल्या घरीं पाहुण्यानें भाजींत काय आहे असें विचारलें, तर आपण “वांगीं” म्हणून सांगूं. दाण्याच्या कुटाचें नांव कोणाच्या ओठीं येणार नाहीं, आणि भुईमूग न सोसणाऱ्या पाहुण्याच्या जिवावर बेतेल! त्यांत कपट कोठें आहे? पाटीवर दोन शब्द लिहिले असते तर बरें झालें असतें, हें खरें. पण ज्याचें व्रत, त्यानेंच पदार्थाचें नांव घेऊन विचारावें. चरबीस तेथें ‘मांतेका’ म्हणतात. (पोर्तुगीज जाणणाऱ्या गोमंतकीयानें येथें विशेष जपावें; त्या भाषेंतील ‘मांतैगा’ म्हणजे लोणी.)

आणि रागावून त्या खाणावळीकडे पाठ फिरविणें हें तर अधिकच चुकीचें. सन १५२१ मध्यें स्पॅनिश लोकांनीं तो देश जिंकण्यापूर्वीं तेथें डुक्कर, गाय, कोंबडी हीं नव्हतींच. तेथील जुने लोक शाकाहारी होते असें नव्हे, टर्की व कुत्रा ते खात. परंतु मका, घेवडा, भोपळा व मिरची यांवरच त्यांचें पोट चाले. मका चुन्याच्या निवळींत शिजवून वाटण्याची त्यांची रीत तर मोठ्या शहाणपणाची. तिच्यामुळें मक्यांतील एक जीवनसत्त्व अंगीं लागतें. युरोपांत मका गेला, रीत गेली नाहीं, आणि केवळ मक्यावर जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा रोग पसरला. तात्पर्य, त्या पाकशास्त्राचा जुना पायाच शाकाहाऱ्यास सर्वांत सोयीचा आहे. मात्र तो मागून घ्यावा लागतो.

आम्हीं मागितला. बाईंनीं आंतून चरबीवांचून शिजविलेला काळा घेवडा, तेलावर परतलेलीं निवडुंगाचीं पानें व ताज्या भाकरी आणून दिल्या. आपल्या शेतांच्या बांधांवर दिसणारा फड्या निवडुंग मूळचा तिकडचाच. त्याचे कांटे काढून कोंवळीं पानें चिरतात. चव किंचित् आंबट, भेंडीसारखी बुळबुळीत.

“आईला सांगूं कीं नको?” असें मुलानें वाटेंत मला विचारलें. मीं सांग म्हटलें. त्या रात्रीं त्यानें माझ्यासमोरच घरीं दूरध्वनि केला. आई बराच वेळ बोलली नाहीं. मग तिनें विचारलें, “निवडुंगाच्या भाजीला फोडणी कसली घालतात रे?”